२६ महिने, दहा शब्द: वाट बघायची की तपासून घ्यायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. मुलगा २६ महिन्यांचा आहे. आठ-दहा शब्द बोलतो, पण दोन शब्द जोडून अजून एकदाही बोललेला नाही. काही हवं असलं की तुमचा हात धरून ओढत नेतो. ‘त्याला सगळं कळतं, फक्त बोलत नाही’ असं घरातले सगळे सांगतात. आजी म्हणतात, याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत गप्पच होते. घरात दोन भाषा आहेत, त्यामुळे गोंधळत असेल असंही कुणीतरी सुचवलं आहे. मुलगे उशिराच बोलतात, जिभेखालचा पडदा कापून घ्या, टॉनिक द्या, असेही सल्ले मिळाले आहेत. जन्मानंतर कानांची तपासणी झाली होती आणि ती नॉर्मल आली होती. तुम्ही रात्री जागून ऑटिझमबद्दल वाचत बसता, आणि आपण नोकरीवर जातो म्हणून असं झालं का, हा विचार डोक्यातून जात नाही. प्लेग्रुपला घालायचं का, हेही विचारलं आहे. आणि शेवटी, तीन वर्षांपर्यंत थांबू का?

थांबू नका. काहीतरी मोठं बिघडलंय असं मला वाटतंय म्हणून हे सांगत नाही; पत्रावरून ते कुणालाच ठरवता येणार नाही. दोन वर्षांच्या मुलांपैकी साधारण १० ते २० टक्के मुलं उशिरा बोलणारी असतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त मुलं शाळेच्या वयापर्यंत बरोबरीच्यांना गाठतात. बाकीची गाठत नाहीत. अडचण अशी की २६व्या महिन्यात नुसतं मुलाकडे बघून ते यांपैकी कोणत्या गटातलं आहे हे सांगता येत नाही. शेजारीपाजारी आणि नातेवाईक यांना आठवतात ती आपोआप बोलू लागलेली मुलं. मी स्पीच थेरपिस्ट, माझ्याकडे येतात ती चार वर्षांची होऊनही दोन शब्दांपुढे न गेलेली, आणि त्यांच्या आईवडिलांनाही दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मायेनेच ‘थांबा’ म्हणालेलं असतं. तपासून काही निघालं नाही तर तुमचं काहीच जात नाही. काही निघालं आणि मधलं वर्ष हातचं गेलं, तर ते भाषा शिकण्याच्या सगळ्यात सुपीक काळातलं वर्ष असतं.

आता आकड्यांबद्दल, कारण इंटरनेटवर दोन वेगवेगळे आकडे दिसतात आणि पालक गोंधळतात. आम्ही थेरपिस्ट मंडळी वर्षानुवर्षं एक रेषा वापरत आलो आहोत: २४ महिन्यांना ५० पेक्षा कमी शब्द, किंवा दोन शब्दांची जोडी अजिबात नाही, तर मूल उशिरा बोलणारं धरायचं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये आपली यादी बदलली, त्यात ५० शब्द ३० महिन्यांसमोर लिहिले आहेत आणि दोन शब्दांची जोडी २४ महिन्यांसमोरच ठेवली आहे. दोन्हींचा हेतू वेगळा आहे. सीडीसीची यादी ‘त्या वयाच्या निदान ७५ टक्के मुलांना हे जमतं’ या हिशेबाने केली आहे, म्हणजे त्या यादीतही मूल मागे पडत असेल तर ते जास्तच लक्षात घ्यायचं. तुमच्या मुलाच्या बाबतीत जोडी दोन्ही याद्यांत २४ महिन्यांना हवी आहे आणि ती नाही. त्यामुळे कोणता आकडा खरा या वादात शिरायचं कारण नाही.

पण दहा शब्द हा तुमचा आकडा मला पुन्हा मोजून हवा आहे. पालक बहुतेक वेळा फक्त स्पष्ट उच्चारलेले शब्द मोजतात. आमच्या हिशेबात शब्द म्हणजे, मूल एकाच गोष्टीसाठी दरवेळी तोच आवाज, स्वतःहून, काही सांगण्यासाठी वापरतं तो. बुटाला ‘बू’ म्हणत असेल आणि दरवेळी बुटालाच म्हणत असेल, तर तो शब्द. कुत्र्याला ‘भूभू’, गाडीला ‘ढुर्र’, हेही शब्द. दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. तुम्ही म्हटल्यावर मागून म्हणतो पण एरवी कधीच वापरत नाही, तो मात्र धरायचा नाही. भिंतीवर एक कागद लावा आणि आठवडाभर घरातल्या प्रत्येकाने ऐकलेला शब्द त्यावर लिहायचा. दिवसभर त्याच्याबरोबर जो असतो त्याला बरेचदा तुमच्यापेक्षा जास्त शब्द माहीत असतात.

यादी झाली की संख्येपेक्षा तिच्यात काय आहे ते बघा. सगळी नावंच आहेत का? की ‘दे’, ‘ये’, ‘नको’, ‘संपलं’, ‘पड’ असलेही काही आहेत? क्रियापदं महत्त्वाची आहेत, कारण जोडी त्यांच्यामुळेच होते. ‘बॉल’ आणि ‘गाडी’ जोडून काही बनत नाही. ‘बॉल दे’, ‘गाडी पडली’ यातून वाक्य सुरू होतं. २५ नावं असलेल्या मुलापेक्षा १५ नावं आणि पाच क्रिया असलेलं मूल मला जोडीच्या जास्त जवळ वाटतं. आवाजही ऐका: फक्त प, ब, म एवढेच येतात, की त, द, क, ग, न असे वेगवेगळे? तोंडातून निघणारे व्यंजनांचे आवाज मोजकेच असले तर मी जास्त सावध होते.

आता सगळ्यात आधी करायची गोष्ट, आणि यावर मी अडून बसणार आहे: कान. बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी झालीच पाहिजे, जन्मानंतर झाली असली तरी. जन्मावेळी बहुतेक ठिकाणी ओएई नावाची चाचणी करतात. ती आतल्या कानातल्या केसपेशींचा प्रतिसाद मोजते. चांगली चाचणी आहे, पण ती त्या दिवसाचं सांगते. काही मुलांची श्रवणशक्ती नंतर हळूहळू कमी होते. सौम्य दोष तिच्यातून निसटू शकतो, आणि कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतला दोष ओएईत दिसत नाही, त्यासाठी त्या नसेचा प्रतिसाद मोजणारी बेरा ही चाचणी करावी लागते. शिवाय या वयात एक फार नेहमीची गोष्ट घडते: सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पातळ किंवा चिकट द्रव साठतो. दुखत नाही, ताप नाही, कान वाहत नाही. शाळेत जाण्याआधी बहुतेक मुलांना हे कधी ना कधी होतं आणि बहुतेकांचं तीन महिन्यांत आपोआप जातं. पण ज्याचं वारंवार होतं किंवा महिनोन्महिने राहतं, त्याला जग कानात बोटं घालून ऐकल्यासारखं येत राहतं, तेही नेमकं शब्द पकडण्याच्या वयात.

‘हाक मारली की वळतो, दार वाजलं की दचकतो, दुसऱ्या खोलीत जाहिरात लागली तरी पळत येतो’ हे मला जवळजवळ प्रत्येक पालक सांगतात, आणि ते खरंच असतं. तरीही त्यावरून कान चांगले आहेत हे सिद्ध होत नाही. भाषेतले स्वर म्हणजे आ, ऊ, ओ हे मोठे आणि खालच्या पट्टीतले आवाज आहेत. स, श, फ हे हळू आणि वरच्या पट्टीतले. ज्या मुलाला फक्त वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही, त्याला तुमची हाक ऐकू येते, गाण्याचा ठेका ऐकू येतो, दार तर येतंच. त्याला ‘ससा’ या शब्दातला फक्त ‘आ’ नीट पोहोचतो. आम्ही पटकन अंदाज घेण्यासाठी सहा आवाज वापरतो: आ, ई, ऊ, म, श, स. डॅनियल लिंग या तज्ज्ञांनी बसवलेली ही पद्धत आहे. हे सहा मिळून बोलण्यातल्या खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या व्यापतात. घरी हे आवाज काढून बघायला हरकत नाही, पण त्यावर निकाल देऊ नका, कारण मुलं तुमची सावली, श्वास, हालचाल यांवरही वळतात.

खरी तपासणी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे होते आणि तिला घाबरण्यासारखं काही नसतं. या वयाच्या मुलाला बाहेरचा आवाज येणार नाही अशा खोलीत तुमच्या मांडीवर बसवतात. एका बाजूने आवाज येतो. मुलाने तिकडे मान वळवली की त्या बाजूचं खेळणं उजळतं किंवा हलतं. दोन-तीनदा असं झालं की मुलाला खेळ कळतो, आणि मग आवाज हळूहळू बारीक करत नेतात. त्यावेळी तुम्ही दगडासारखं बसायचं असतं. तुमच्या मांडीचा स्नायू आवाजाबरोबर जरा ताणला तरी मुलाला इशारा मिळतो. याच्याबरोबर पडद्यामागे द्रव आहे का हे बघणारी इम्पिडन्स टेस्ट करतात, तिला एकेका कानाला मिनिटभरही लागत नाही. मूल अजिबात सहकार्य करत नसेल तर झोपेत बेरा करता येते. एवढं झालं की निदान पाया पक्का होतो. कान तपासल्याशिवाय सुरू केलेली स्पीच थेरपी मला मान्य नाही.

दुसरी गोष्ट, ‘सगळं कळतं’. हे खरं असेल तर माझ्या दृष्टीने ती सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. ज्या उशिरा बोलणाऱ्या मुलांची समज वयाप्रमाणे असते, त्यांची गाडी रुळावर येण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. पण हे तपासून बघावं लागतं. तुम्ही दाराशी पर्स खांद्याला लावून उभ्या आहात आणि ‘बूट आण’ म्हणालात, मूल बूट घेऊन आलं. त्याला ‘बूट’ कळलं, की बाहेर जायची वेळ कळली? मुलं प्रसंगावरून फार हुशारीने अंदाज बांधतात, आणि आपण नकळत डोळ्यांनी, हनुवटीने, हाताने दाखवत असतो. म्हणून दुपारी, कुठेही जायचं नसताना, हात पाठीमागे ठेवून, त्याच्याच डोळ्यांकडे बघत म्हणा, ‘बूट कुठाय?’ मग जरा विचित्र सांगा: ‘बॉल खुर्चीवर ठेव.’ रोजच्या सवयीत न बसणारं सांगितलं की खरी समज कळते. नाक, कान, पोट दाखवणं यावर फार विसंबू नका, ते खेळासारखं पाठ होतं. पुस्तकात ‘झोपलेलं बाळ कुठलं?’, ‘कोण पळतंय?’ असं विचारा. क्रिया ओळखणं ही नावं ओळखण्यापेक्षा वरची पायरी आहे. यात तो अडखळत असेल तर प्रश्न फक्त बोलण्याचा नाही, आणि मग एक दिवसही थांबू नका.

तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर माझं लक्ष अडकलं ते हात धरून ओढत नेण्याचं आहे. एवढ्यावरून काहीही ठरत नाही, हे आधी सांगते. बोलता न येणारी बरीच मुलं आपलं काम असंच करून घेतात. मला कळायला हवं ते असं: नेल्यावर तो काय करतो? तुमच्याकडे बघतो, मग वस्तूकडे बघतो, परत तुमच्याकडे बघतो? बोट दाखवतो? की तुमचा हात उचलून थेट डब्यावर ठेवतो, जणू तुमचा हात एक वस्तू आहे, आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघतच नाही? आणि त्याहून महत्त्वाचं, काही नको असतानाही तो तुम्हाला काही दाखवतो का? आकाशात विमान दिसलं, बोट वर केलं, आणि तुम्ही बघितलं की नाही हे बघायला मागे वळला. हे विमान त्याला हवं नाही. त्याला फक्त तुमच्याबरोबर ते बघायचं आहे. बोलण्याचं मूळ इथे आहे. ज्या मुलाला दाखवायचं आहे, वाटून घ्यायचं आहे, त्याच्यापाशी संवाद आहेच, फक्त शब्द नाहीत. टाटा करणं, मान हलवून नको म्हणणं, खेळणं आणून हातात देणं, टाळ्या, तुमची नक्कल करत फोन कानाला लावणं, बाहुलीला झोपवणं, हे सगळं याच खात्यात जमा करा.

हे नसेल, किंवा फार कमी असेल, नावाने हाक मारल्यावर बहुतेक वेळा वळत नसेल, एकाच प्रकारच्या खेळात तासन्‌तास रमत असेल, तर ऑटिझमच्या दृष्टीने तपासणं योग्य. त्यासाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली आहे, ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे तुमचा मुलगा अजून त्या वयात बसतो. बालरोगतज्ज्ञांकडे ती भरून मागा. तिच्यातून निदान होत नाही, पुढे बघायची गरज आहे का एवढंच कळतं. जास्त गुण आलेल्या मुलांपैकी सगळ्यांना ऑटिझम नसतो. रात्री दोन वाजता मोबाइलवर एकेक लक्षण जुळवत बसण्यापेक्षा हे २० प्रश्न दिवसा, शांतपणे, दोघांनी मिळून सोडवणं फार बरं. आणि एक गोष्ट अशी की जिच्यासाठी मी कोणत्याही वयात, कुठल्याही मुलाला ताबडतोब बोलावते: आधी येत असलेले शब्द किंवा हावभाव गेले असतील तर. आठवड्यापूर्वी शिकलेला एखादा शब्द मागे पडणं वेगळं. पण दीड वर्षाचा असताना पाच-सहा शब्द होते, टाटा करायचा, आणि आता काहीच नाही, असं असेल तर लगेच दाखवा.

आता तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांबद्दल. मुलगे सरासरीने मुलींच्या थोडे मागे असतात, हे खरं, पण ते अंतर महिन्या-दोन महिन्यांचं आहे. दोन वर्षांच्या मुलाला त्या नावाखाली वर्षभराची सूट देता येत नाही. आजींची आठवण फार उपयोगाची आहे, फक्त तिचा अर्थ मी उलटा घेते. घरात कुणी उशिरा बोलू लागलेलं असणं ही आमच्या नोंदीत जोखमीची बाब असते, कारण भाषेच्या अडचणी घराण्यात उतरतात. बाबांना शाळेत वाचायला, लिहायला, मनातलं सांगायला जड गेलं होतं का, हेही विचारून ठेवा. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. एका भाषेत शब्द थोडे कमी वाटतात, म्हणूनच दोन्ही मिळून मोजायचे. यासाठी घरातली एक भाषा बंद करू नका. जी भाषा तुमच्या तोंडून मनापासून येते, जिच्यात तुम्ही चिडता आणि लाड करता, तीच त्याच्याशी बोला. जिभेखालचा पडदा कापून मूल बोलू लागत नाही. त्याचा संबंध आला तर एखाद-दुसऱ्या उच्चाराशी येतो, शब्द नसण्याशी नाही. आणि बोलण्यासाठी कुठलंही टॉनिक नाही.

तुमच्या नोकरीमुळे हे झालेलं नाही. हे मी समजूत काढायला म्हणत नाही. दिवसभर घरी असलेल्या, दिवसभर बोलणाऱ्या आयांची मुलंही माझ्याकडे येतात, आणि ज्यांना दोघांच्या कामामुळे मुलाबरोबर जेमतेम संध्याकाळ मिळते त्यांची मुलं घडाघडा बोलतात. घरातल्या बोलण्याने भाषा वाढायला मदत नक्की होते, पण भाषेची खरी अडचण कुणाच्या ऑफिसला जाण्याने तयार होत नाही.

मोबाइलचं मात्र बघायला हवं. पडद्यामुळेच बोलणं थांबलं असं मी म्हणणार नाही, पण पडद्यासमोर भाषा वाढत नाही हे नक्की. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काहींच्या बाबतीत प्रत्यक्ष माणसं चिनी भाषेत खेळली-बोलली, तर काहींना तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. समोर माणूस असलेल्या बाळांनी त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकून घेतलं. व्हिडिओ बघितलेल्यांनी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाहून जास्त पडदा नको, आणि जितका कमी तितका चांगला. मला त्या तासाहून जास्त काळजी वाटते ती मागे सतत चालू असलेल्या टीव्हीची, कारण त्याने मोठ्या माणसांचंच बोलणं कमी होतं. इंग्रजी आकडे आणि रंग म्हणतो, पण पाणी मागत नाही, अशी मुलं आता बरीच दिसतात. ते आकडे त्याच्या कामाचे शब्द नाहीत.

तपासणीची वेळ मिळेपर्यंत घरी काय करायचं? सगळ्यात आधी ‘म्हण’ हा शब्द बंद करा. ‘बॉल म्हण, म्हण ना, मामाला म्हणून दाखव.’ बोलायला जड जाणाऱ्या मुलाला दिवसातून पन्नास वेळा हे ऐकायला लागतं आणि प्रत्येक वेळी तो परीक्षेत नापास होतो. थोड्याच दिवसांत तो नजर टाळायला लागतो. ‘हे काय आहे? याचा रंग कुठला?’ हेही याच जातीचं. प्रश्नांच्या जागी तो जे बघतोय, करतोय, ते छोट्या वाक्यात सांगा. ‘गाडी पळाली.’ ‘अरे, पडली.’ ‘उघडलं.’

माझ्या खोलीतला एक साधा खेळ सांगते. साबणाचे फुगे. मी त्याच्यासमोर, जमिनीवर, माझा चेहरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येईल अशी बसते. ‘फुगे!’ म्हणून दोनदा फुंकते. मग बाटलीचं झाकण घट्ट लावते आणि ती त्याच्या हातात देते. त्याला उघडता येत नाही. आता मी गप्प बसते. मनात दहापर्यंत मोजते, चेहऱ्यावर उत्सुकता ठेवते, भुवया वर. पालकांना हे दहा आकडे फार जड जातात. चौथ्या आकड्याला आईचा हात बाटलीकडे जातोच, किंवा ती म्हणते, ‘उघडू? उघडून देऊ? उघड म्हण.’ मी तिला हाताने थांबवते. सातव्या-आठव्या आकड्याला मूल काहीतरी करतं. बाटली माझ्या हातात कोंबतं, माझ्याकडे बघतं, ‘उ’ म्हणतं. एवढं पुरे. मी लगेच ‘उघड! उघडलं!’ म्हणते आणि उघडते. त्याने नुसतं बघितलं असतं तरी उघडलं असतं; शब्द आला नाही म्हणून वस्तू अडवून ठेवायची नाही, रडवायचं तर मुळीच नाही. आपल्याला फक्त त्याची पाळी मोकळी ठेवायची आहे. अशी मुलं गप्प असतात म्हणून मोठी माणसं त्यांच्याही वाटचं बोलून टाकतात, आणि मुलाला बोलायला जागाच उरत नाही.

तो जे म्हणेल त्यात एकच शब्द वाढवून परत द्या. तो ‘गाडी’, तुम्ही ‘मोठी गाडी’ किंवा ‘गाडी गेली’. तो बोट दाखवून ‘अं’ म्हणाला, तर तुम्ही ‘पंखा’ म्हणा. त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेऊ नका, चूक दुरुस्त करू नका. ‘ताडी’ म्हणाला तर ‘हो, गाडी!’ एवढंच. दोन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला निम्मंच कळतं, हे नेहमीचंच आहे. सोबत हाताच्या खुणाही वापरा, ‘अजून’, ‘संपलं’, ‘ये’. खुणांची सवय लागून मूल बोलणार नाही ही भीती सगळ्यांना असते, पण अनुभव आणि संशोधन दोन्ही उलट सांगतात. खूण जमली की शब्दाला वाट सापडते. हे सगळं दिवसभर करायला गेलात तर थकाल. आंघोळ, कपडे घालणं, झोपायच्या आधीचं पुस्तक, अशा दोन-तीन ठरावीक वेळा धरा. रोज तेच घडतं, तेच शब्द येतात, म्हणूनच तिथे शिकणं सोपं जातं.

स्पीच थेरपिस्ट निवडताना एक बघा: तुम्हाला खोलीत बसवतात का. या वयात थेरपीचा अर्धा भाग म्हणजे पालकांना शिकवणं. मुलाला आत घेऊन दार लावून अर्ध्या तासाने परत देणारी थेरपी दोन वर्षांच्या मुलाला फारशी लागू पडत नाही, कारण आठवड्यातले बाकीचे सगळे तास तो तुमच्याबरोबर असतो. शिट्ट्या वाजवणं, गाल फुगवणं, जिभेचे व्यायाम, तोंडात ब्रश फिरवणं यांवर भर असेल तर कारण विचारा. अशा व्यायामांनी बोलणं सुधारतं याला चांगला पुरावा नाही. ‘तीन महिन्यांत बोलता करून देतो’ अशी हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. कान, समज, हावभाव सगळं ठीक निघालं, तर कदाचित घरी करायच्या गोष्टी शिकवून दोन-तीन महिन्यांनी परत बोलावतील. ते थांबणं मला मान्य आहे, कारण त्यात काम चालू असतं आणि परत मोजायची तारीख ठरलेली असते. सुमारे सात टक्के मुलांना दुसरं कुठलंही कारण नसताना भाषा शिकणंच जड जातं. तुमचा मुलगा त्यातला आहे का, हे कळायला अजून काही काळ लागेल, आणि त्यासाठी मदत अडवून ठेवायची नसते.

प्लेग्रुपबद्दल विचारलं आहे. घाला, पण मुलांत राहून आपोआप बोलेल या भरवशावर नको. २० मुलांच्या खोलीत गप्प मूल सहज लपतं. लहान गट असेल आणि ताई खाली बसून मुलांशी बोलत असतील तर चांगलं.

अपॉइंटमेंटला जाताना भिंतीवरचा कागद, जन्माच्या वेळची कागदपत्रं आणि आधीचा कानांचा रिपोर्ट बरोबर घ्या. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर किती आठवडे आधी, तेही सांगा, कारण दोन वर्षांपर्यंत वय त्या हिशेबाने धरतात. आणि घरातला तीन-चार मिनिटांचा एक व्हिडिओ न्या. दवाखान्यात अनोळखी माणसांपुढे बरीच मुलं आईला बिलगून गप्पच राहतात, मग थेरपिस्टला खरं मूल दिसतच नाही. कॅमेरा कुणाच्या तरी हातात द्या, तुम्ही त्याच्याबरोबर नेहमीसारख्या खेळत बसा, आणि त्याला काहीही म्हणून दाखवायला लावू नका.